हरळी जगवायचा हिवाळा

परवा ऐन मार्गशीर्षात पाऊस आला. दुपारी आभाळ भरून आलं, तशी बायको गच्चीवरचे कपडे गोळा करायला धावली आणि मी चपला घालून खाली उतरलो. आमच्या इमारतीच्या फाटकाशी सतरंजीएवढं गवत आहे. सर थांबल्यावर मी त्या गवतात टाच रोवून उभा राहिलो आणि टाचेभोवती पाणी वर येतं का ते बघू लागलो.

वरून बायको म्हणाली, "काय करताय तिथे?"

"पाणी किती मुरलंय ते बघतोय."

"कुणासाठी?"

मी दुसरी टाच रोवली. हिवाळ्यात पाऊस पडला की माझी टाच आपोआप जमिनीत जाते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही सवय आहे.

आषाढातल्या पावसाची सगळ्यांची तयारी असते. हिवाळ्यातला पाऊस मात्र माणसाला घरच्या कपड्यांत गाठतो. वीटभट्टीवर रचून ठेवलेल्या कच्च्या विटा पुन्हा चिखल होतात. शेतातला वाल फुलावर आलेला असतो, तो मान टाकतो. पेंढ्याच्या उडव्यांतून कोंदट वाफ निघते. माणसं स्वेटरवर छत्री घेऊन फिरतात आणि एकमेकांकडे जरा शरमून बघतात, जणू पाऊस त्यांच्याच चुकीने आला आहे. त्या वर्षी मलाही तसंच वाटत होतं. कारण तेव्हा मी एक गोल्फचं मैदान सांभाळत होतो.

भिवंडी तालुक्यात गोल्फचं मैदान होतं, हे मी आजही कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझी तब्येत विचारतो. पण ते होतं. अंबाडीच्या अलीकडे, वज्रेश्वरीच्या एसटीतून उजव्या हाताला दिसायचं. आता तिथे गोदामं आहेत आणि ट्रकवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात, इथे पहिल्यापासून गोदामंच होती.

मैदान कासमशेठचं. शेठ कोकणी मुसलमान, भिवंडीत लूमवाले म्हणून नाव असलेला माणूस. बोलायला मोकळा, रागवायला त्याहून मोकळा. तरुणपणी मामाच्या ओळखीने नैरोबीला गेले होते आणि तिथल्या साहेबलोकांच्या गोल्फ क्लबात त्यांनी अकरा वर्षं काढली. काम काय, तर साहेबांच्या काठ्या पुसायच्या, तेल लावायचं, पिशव्यांत भरून ठेवायच्या. काठ्यांच्या त्या खोलीत त्यांच्यासोबत दुसरा एक भिवंडीकर होता, मूसाभाई. दोघं खिडकीतून खेळ बघायचे. खिडकीबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. पुढे शेठ गावी परतून लूमच्या धंद्यात पडले आणि मूसाभाई इंग्लंडात जाऊन स्थायिक झाले. पण निघताना दोघांनी ठरवलं होतं, एकदा तरी आपण दोघं खेळायचं. त्या एका वाक्यासाठी शेठनी पन्नाशी उलटल्यावर भाताची जमीन घेऊन तिचं मैदान केलं. नऊ खड्डे करायचे होते, जमीन सहाचीच निघाली.

मी कृषी पदविका घेऊन घरी बसलो होतो. वडील पोस्टात. त्यांच्या ओळखीतून शेठनी मला घरी बोलावलं आणि चहा समोर ठेवून विचारलं, "तुला गवत येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाढवता येतं का?"

मी खरं ते सांगितलं. कॉलेजात तीन वर्षं आम्हाला गवत काढायलाच शिकवलं होतं. शेठ खूश झाले. म्हणाले, "मग झालं तर. दुश्मनाची सगळी माहिती हाय तुला."

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबून काठीने चेंडू मारत मारत न्यायचा आणि शेवटी पेल्याएवढ्या खड्ड्यात पाडायचा. त्या खड्ड्याभोवतीचा तुकडा गालिच्यासारखा गुळगुळीत ठेवावा लागतो, त्याला ग्रीन म्हणतात. तो तुकडा म्हणजे सगळी इभ्रत. आमची ग्रीन्स हरळीची होती. मी आणि सहा बायका मिळून ती रोज सकाळी झाडायचो. बायका लांब बांबू घेऊन दव उडवायच्या. कोवळ्या उन्हात बांबू सपकन फिरला की दवाची एक झालर उठायची आणि त्यांच्या पदरावर बसायची. असं सुंदर दृश्य रोज बघायला मिळणारी नोकरी पुन्हा मला कधी मिळाली नाही.

त्या सहाजणींची पुढारी पारूमावशी. शेजारच्या गावची, पन्नाशीची, काटक. याच जमिनीत तिने वीस वर्षं भाताची आवणी केली होती. तिला शेठचे नंबर मान्य नव्हते. पहिलं ग्रीन तिच्या लेखी 'चिंचंखालचा', तिसरं 'खोलगा', पाचवं 'दांडावरचा'. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "सायेब, ही हरळी काढता काढता माझ्या सासूची कंबर मोडली. आनि तुमी ती पगार देऊन लावताय?"

"मावशी, ही चांगली हरळी आहे."

"हरळीत चांगली-वाईट असती व्हय?" ती म्हणाली आणि इतर पाचजणी पदरात तोंड घालून हसल्या.

डिसेंबर सुरू होताना मूसाभाईंचं पत्र आलं. भाचीच्या लग्नाला जानेवारीत येतोय. गुडघे गेलेत, हृदयाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात आता एवढा लांबचा प्रवास हा शेवटचाच. लग्नानंतरच्या रविवारी सकाळी खेळू. शेठनी ते पत्र मला दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सोनावणे, त्या दिवशी जमीन अशी पायजेल, की मूसाचा गुडघा म्हणला पायजे, मी कुठं चाललोय?"

दुसऱ्याच आठवड्यात आभाळ फिरलं.

तीन दिवस पाऊस पडला. चौथ्या दिवशी मी एसटीतून उतरलो तर मैदान ओळखू येईना. तिसरं ग्रीन पूर्ण पाण्याखाली होतं. त्यातून लाल झेंड्याची काठी तेवढी वर होती आणि तिच्यावर एक बगळा बसला होता. सगळीकडे बेडूक ओरडत होते. पारूमावशी बांधावर पाय सोडून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट, जुनं माणूस भेटावं तशी ती त्या पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "बघा, खोलग्याला वळख पटली."

शेठ दुपारी गाडीने आले. बगळा बघितला, बांधावरून पाण्याभोवती एक फेरी मारली. मग अचानक त्यांचे डोळे चमकले. "कापड," ते म्हणाले. "अरे, माझ्याकडं कापड हाय की! डॅमेजचा सगळा माल पडलाय गोदामात. अंथरा, पानी शोषून घेईल."

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून तागे आले. मांजरपाट, लूमवरून जसं उतरतं तसं. आम्ही पाच ग्रीन्सवर आणि मधल्या उतारांवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या उलगडल्या. एकेका ताग्याचं टोक दोघीजणी धरून पळत सुटायच्या आणि मागे पांढरी वाट तयार व्हायची. मधूनच उन्हाची तिरीप आली तेव्हा ते सगळं मैदान लग्नघरासारखं दिसायला लागलं. वज्रेश्वरीला गरम कुंडांवर चाललेली एक एसटी थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "कुणाचं लगीन?"

"हरळीचं!" पारूमावशी ओरडली.

आता या ठिकाणी एक गोष्ट सांगायला हवी, जी भिवंडीतल्या कुठल्याही माणसाला माहीत असते आणि त्या दिवशी आम्हा दोघांनाही आठवली नाही. लूमवर चढण्याआधी सुताला पिठाची कांजी देतात, धागा ताठ राहावा म्हणून. कोरं कापड त्या कांजीसकट उतरतं. ते आधी पाणी शोषतच नाही, आणि शोषलं तर कांजी सोडतं. सकाळी आम्ही कापड उचललं तेव्हा खाली गवत होतं खरं, पण ते कडक होतं. इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या कॉलरसारखं. ऊन पडल्यावर ते आणखी ताठ झालं. मी त्यावरून चाललो तर पायाखाली कुरकुर आवाज येत होता.

शेठ वाकले, चिमटीत दोन पाती धरून चोळली आणि बोटं नाकाशी नेली. त्यांचा चेहरा पडला. "कांजी," ते म्हणाले. "उभी हयात या कांजीत गेली माझी, सोनावणे. मला आठवू नये?"

"शेठ, मी शिकलेला आहे. मलासुद्धा आठवलं नाही."

"तू गवत शिकलास. कांजी मी शिकलो," ते म्हणाले. मी आयुष्यात मालकांची बरीच बोलणी खाल्ली, पण असा दोष स्वतःकडे ओढून घेणारा मालक पुन्हा पाहिला नाही.

दुपारपर्यंत त्या भागातल्या सगळ्या मुंग्यांना बातमी लागली. संध्याकाळी शेळ्या आल्या. आख्ख्या गावाच्या शेळ्या, ओळीने. दुसऱ्या ग्रीनवर उभ्या राहून त्या गवत चाटत होत्या, डोळे मिटून. आम्ही हाकलायचो, त्या वळसा घालून चौथ्यावर जायच्या. चार दिवस आमची ड्युटी गवत राखण्याची नव्हती, शेळ्या वळण्याची होती.

ओल आणि कांजी एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं. गवतावर बुरशी धरली. आधी रुपयाएवढे पिवळे डाग, मग ताटाएवढे. इथे मात्र माझं शिक्षण कामाला आलं. मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण मी स्वतःच्या हाताने तयार केलं आणि पाठीवर पंप घेऊन सगळ्या ग्रीन्सवर मारलं. प्रमाण बरोबर होतं, वेळ बरोबर होती, बुरशी खरोखरच थांबली. फक्त गवत निळं झालं. पूर्ण निळं, आमच्या वस्तीतल्या झेंड्यासारखं. वडील त्या रविवारी मुद्दाम मैदान बघायला आले, बराच वेळ बघत राहिले आणि समाधानाने म्हणाले, "शेठ चांगला माणूस दिसतो."

शेठचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, "सोनावणे, याला ग्रीन म्हणतात. मी तुला निळा सांगितला होता काय?"

"धुऊन जाईल, शेठ. एक पाऊस पडला की—" असं बोलून मी जीभ चावली.

पाऊस पडला. जानेवारीत, मूसाभाईंच्या खेळाला चार दिवस राहिले असताना. निळा रंग धुतला गेला, पण तिसरं ग्रीन पुन्हा बुडालं आणि बगळाही परत आला. या वेळी पाणी तिथून सांडून चौथ्याकडे निघालं होतं. मी छत्रीखाली पुस्तक उघडून निचऱ्याचा धडा वाचत होतो. पारूमावशी इरलं डोक्यावर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, बांध फोडा."

"कुठला बांध?"

तिने बोट दाखवलं. तिसऱ्या खड्ड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या बरोबर मधोमध एक उंचवटा होता. मी तो मोठ्या हौसेने हरळी लावून सजवला होता. "तो खालून जुना बांध हाय. पानी तितं आडतंय. त्याला त्याची वाट हवी. आमी दर साली भात पिकला की तितंच फोडायचो."

मी म्हणालो, तिथे चर खणला तर खेळाच्या वाटेत खड्डा होईल. पुस्तकात खाली दगडगोट्यांचा निचरा करायला सांगितलंय. त्याला महिना लागतो. पण पद्धत ती आहे.

"आन् पावना कवा येतोय?"

"रविवारी."

मावशी इरलं सावरत वळली. निघून गेली. मी तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, पुस्तक बरोबर होतं की चूक, हा प्रश्नच नव्हता. मला त्या सहाजणींसमोर पहिल्या दिवसापासून साहेब असल्यासारखं दिसायचं होतं. आमच्या घराण्यात पाठीवर पंप आणि हातात पुस्तक घेऊन शेतात उभा राहिलेला मी पहिलाच. आधीची सगळी माणसं दुसऱ्याच्या बांधावर वाकून उभी होती. त्यामुळे पुस्तक मिटायला मला जड जात होतं. दुपारी दोनपर्यंत मी ते मिटलं नाही. तोवर चौथ्या ग्रीनच्या कडेला पाणी लागलं.

मग मी पुस्तक पिशवीत टाकलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बायका बसल्या होत्या त्या चिंचेखाली गेलो. म्हणालो, "मावशी, कुठे फोडायचा ते दाखवा."

वाटलं होतं, ती काहीतरी टोचून बोलेल. ती उठली, कुदळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वाकून मारा. ताठ उभं ऱ्हाऊन माती निघत न्हाय." सातजणांनी मिळून संध्याकाळपर्यंत चर खणला. शेवटचं ढेकूळ मावशीने पायाने ढकललं. पाणी आधी थबकलं, मग एकदम आवाज करत निघालं आणि खालच्या ओढ्याला जाऊन मिळालं. चिखलाने भरलेल्या आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बगळा उडून गेला.

रविवारी ऊन पडलं. सहापैकी दोन ग्रीन्स खेळण्याजोगी होती, पहिलं आणि दुसरं. गाडीतून मूसाभाई उतरले. बारीक चणीचे, सूट घातलेले, हातात काठी. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघून काठ्यांची पिशवी उघडली आणि एकेक काठी बाहेर काढून ते तिचं नाव घेऊ लागले, नातवंडांची ओळख करून द्यावी तसं. कुठल्या काठीचा चेंडू किती लांब जातो, उंच जातो की सरपटत, त्यांना सगळं पाठ होतं.

मग शेठनी चेंडू ठेवला, पवित्रा घेतला, काठी फिरवली. चेंडू जागेवर राहिला. चिखलाचा गोळा मात्र चांगला लांब गेला.

"वारा हाय," मूसाभाई म्हणाले.

वारा नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दोघांनी आयुष्यात कधीही चेंडूला काठी लावलेली नाही. अकरा वर्षं त्यांनी फक्त पुसल्या होत्या. पाचव्या फटक्याला शेठचा चेंडू हलला. मूसाभाईंचा पहिल्याच फटक्यात उडाला, पण मागे, आणि सहाजणी खाली बसल्या. हसून हसून शेठना ठसका लागला. मूसाभाई काठीवर रेलून डोळे पुसत होते. असं करत करत, थांबत, बसत, त्यांनी चेंडू पहिल्या ग्रीनपाशी आणले. आणि तिथे मूसाभाई थांबले.

ग्रीनच्या कडेला त्यांनी बूट काढले आणि तसेच मोज्यांवर उभे राहिले. शेठ म्हणाले, "जा ना पुढं."

"पाय उचलत न्हाय, कासम," ते हळू म्हणाले. "तिथं कडेला दोरी असायची, आठवतं? पाय टाकला की नोकरी गेली."

"दोरी कुठं हाय इथं?"

"न्हाय. म्हायती हाय मला."

शेठनी पुढे होऊन त्यांचा हात धरायला हवा होता. पण शेठही कडेलाच उभे होते. आणि मला एकदम जाणवलं, मी गेलं वर्षभर या माणसाला आपल्या स्वतःच्या ग्रीनवर पाय ठेवताना पाहिलेलं नाही. वाकून चिमटीत गवत धरायचे तेही कडेवरून.

 पारूमावशी झेंड्यापाशी बांबू घेऊन उभी होती. तिला नैरोबी माहीत नव्हतं, दोरी माहीत नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की दोन म्हातारे उन्हात खोळंबलेत.

"अवो शेट, या की!" ती ओरडली. "दोन म्हैने आमी हे काय बघायला पुसलं व्हय? शेळ्या नाचून गेल्या यावर. तुमच्या पायानं काय व्हनार हाय?"

मूसाभाई हसले. मग त्यांनी एक पाय टाकला. मग दुसरा. गवत ओलं होतं, मोजे भिजले. शेठ त्यांच्या मागून गेले. खड्ड्यापासून चार हातांवर असलेला चेंडू पाडायला दोघांना मिळून किती फटके लागले ते कुणी मोजलं नाही. पडला तेव्हा पेल्यात साचलेल्या पाण्यात बुडुक आवाज आला, एवढं मला आठवतं. दुसऱ्या ग्रीनकडे ते गेलेच नाहीत. पहिल्याच्या मधोमध खुर्च्या मागवून दोघं दुपारपर्यंत बोलत बसले.

त्या पावसाळ्यात शेठनी खालचे तीन तुकडे पारूमावशीला भाताला दिले. वरच्या तिन्हींवर मी आणखी वर्षभर हरळी राखली, मग मला सरकारी नोकरी लागली. पण त्याआधी, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, इंग्लंडहून पत्र आलं. ते घेऊन शेठनी मला लूमच्या शेडमध्ये बोलावलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून वाचून दाखवायचं होतं. शंभर लूम चालू असताना वाचून दाखवणं म्हणजे ओरडणं. मी शेठच्या कानाशी तोंड नेऊन ओरडू लागलो.

मूसाभाईंनी लिहिलं होतं, माझ्या घरामागे नगरपालिकेचं गोल्फचं मैदान आहे. वीस वर्षं मी त्याच्या कुंपणाबाहेरून चालत जातो. परवा फाटकात उभा राहून विचारलं, आत यायला काय लागतं? तिथली पोरगी म्हणाली, काही नाही, आजोबा, या. आता दर बुधवारी जातो. पाऊस रोजचाच असतो.

शेठनी डोळे मिटले. मग हात वर करून मुकादमाला खूण केली आणि त्याने शेडचा मेन स्विच पाडला.

लूम एकापाठोपाठ एक थांबले. भिवंडीत लूम भरदुपारी थांबले की एकाच गोष्टीची शंका येते. कारागीर टॉवेलने घाम पुसत जवळ आले, शेजारच्या शेडमधली माणसं दारात जमली. एकाने हलक्या आवाजात विचारलं, "कौन गया, शेठ?"

शेठनी पत्र माझ्या हातातून घेतलं, छातीशी धरलं. "कुनी न्हाय रे," ते म्हणाले. "आमचा मूसा आत गेला."

कुणालाच काही कळलं नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. शेठ म्हणाले, "वाच, सोनावणे, पुन्हा वाच. या वेळी हळू."